परतीची गाडी

"सर, गाडी आहे."

तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवत होतो, तेव्हा हे वाक्य मी किती वेळा ऐकले असेल याची मोजदाद नाही. शेवटचा तास अर्ध्यावर आलेला असायचा. मागच्या बाकावरची तीन-चार मुले हळूच दप्तरे आवरायची आणि त्यांच्यातला एखादा उभा राहून एवढेच म्हणायचा. सुरुवातीला मला राग यायचा. मुलांना तासापेक्षा गाडी मोठी वाटते, असे वाटायचे. पुढे लक्षात आले की ही गाडी चुकली तर पुढची नाही, आणि पुढची नाही म्हणजे मुलगा रात्री घरी पोचत नाही. मुलगी असेल तर ती दुसऱ्या दिवसापासून कॉलेजलाच येत नाही.

स्वतःचे वाहन नसताना गावातून गावात रोज ये-जा कशी होते, या प्रश्नाकडे मी तेव्हापासून पाहू लागलो. ग्रामीण वाहतुकीविषयी बोलताना आपण रस्ते, खड्डे, अंतर आणि भाडे यांविषयी बोलतो. ते सगळे महत्त्वाचेच. पण रोज जाणाऱ्या माणसाला सकाळी निघताना पहिला प्रश्न पडतो तो परत कसे यायचे, हा. त्याचे उत्तर नसेल तर जाणेच रद्द होते. या लेखात मांडायचे आहे ते एवढेच, की वाहन नसलेल्याच्या रोजच्या प्रवासाचा आवाका संध्याकाळची शेवटची गाडी ठरवते, आणि आपली मोजण्याची पद्धत नेमक्या त्याच गाडीला तोट्यातली ठरवते.

अपडाऊन करणारे कोण?

रोजच्या ये-जा करण्याला ग्रामीण मराठीत रूढ झालेला शब्द आहे 'अपडाऊन'. रेल्वेच्या वेळापत्रकातून तो आला आणि रेल्वे न पाहिलेल्या गावांतही मुरला. "राहता कुठे?" या प्रश्नाला "तालुक्याला, अपडाऊन करतो" हे उत्तर शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी, बँकेतले कर्मचारी यांच्याकडून हमखास मिळते. मुख्यालयी राहण्याचा सरकारी नियम आणि प्रत्यक्षातले अपडाऊन यांचे भांडण जुने आहे. पण हे लोक शहराकडून गावाकडे जातात, आणि त्यांच्यातल्या बहुतेकांकडे आता निदान मोटारसायकल असते.

दुसरा, याहून मोठा लोंढा उलट दिशेचा. गावातून तालुक्याला येणारे विद्यार्थी, दुकानांत आणि दवाखान्यांत काम करणाऱ्या बाया, बाजार समितीतले हमाल, दूध संघातले आणि औद्योगिक वसाहतीतले कामगार. तिसरा प्रवाह गावातून गावात जाणारा: कांदा लावायला, द्राक्षाची विरळणी करायला, ऊस खुरपायला रोज वेगवेगळ्या शिवारात जाणाऱ्या मजूर बायांच्या टोळ्या.

यांपैकी कोणाची नोंद आपल्याकडे होते? २०११ च्या जनगणनेत कामावर जाण्याचे अंतर आणि साधन विचारले गेले. ते फक्त 'इतर कामगार' या वर्गाला, म्हणजे शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगातले लोक वगळून उरलेल्यांना. देशभरात असे कामगार सुमारे २० कोटी निघाले. त्यांच्यातले सुमारे ११ टक्के बसने, १३ टक्के सायकलने, जवळजवळ तेवढेच दुचाकीने, २३ टक्क्यांच्या आसपास पायी जात होते. मोटार, जीप, व्हॅन यांनी जाणारे तीन टक्क्यांहूनही कमी. म्हणजे मोटार नसणे ही या देशातली सर्वसाधारण स्थिती आहे. पण त्याहून बोलकी आहे ती प्रश्नाची चौकट. पहाटे टेम्पोत बसून पंधरा-वीस किलोमीटरवर खुरपायला जाणारी बाई शेतमजूर. म्हणून तिला कोणी विचारले नाही की तू कशाने जातेस. कॉलेजला जाणारी मुलगी कामगारच नाही, तिलाही नाही.

सर्व्हिस मोटारीपासून वस्तीच्या गाडीपर्यंत

स्वातंत्र्यापूर्वी आपल्याकडे खाजगी 'सर्व्हिस मोटारी' धावत. त्यांना ठराविक वेळ नव्हती. माणसे भरली की मोटार सुटे. युद्धकाळात पेट्रोलच्या टंचाईमुळे कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारीही आल्या. निजामाच्या राज्यात, म्हणजे आजच्या मराठवाड्यात, रेल्वेच्या जोडीने सरकारी बससेवा १९३२ सालीच सुरू झाली होती. मुंबई राज्यात सरकारी एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) धावली. १९५० च्या रस्ते वाहतूक महामंडळ कायद्याने या व्यवस्थेला महामंडळाचे रूप दिले, आणि महाराष्ट्र झाल्यावर मराठवाडा व विदर्भातल्या सेवा मिळून आजचे राज्य परिवहन महामंडळ उभे राहिले.

सर्व्हिस मोटार आणि एसटी यांतला खरा फरक मालकीपेक्षा वेळेचा आहे. एसटीची गाडी रिकामी असली तरी वेळ झाली की सुटते. तिचे भाडे सहा किलोमीटरच्या टप्प्यावर ठरते. भरलेल्या गाडीला एक दर आणि रिकाम्या गाडीला दुसरा असे होत नाही. भरलेल्या फेऱ्यांनी रिकाम्या फेऱ्या सांभाळायच्या, या तत्त्वावर हे जाळे विणले गेले. 'बहुजन हिताय बहुजन सुखाय' या ब्रीदाचा हिशेबाच्या भाषेतला अर्थ हाच.

या जाळ्यातला सर्वांत हुशार धागा म्हणजे मुक्कामी गाडी. गावाकडे तिला 'वस्तीची गाडी' म्हणतात. संध्याकाळी तालुक्याहून निघालेली गाडी शेवटच्या गावात पोचते. चालक आणि वाहक तिथेच, देवळात किंवा ग्रामपंचायतीच्या खोलीत झोपतात. गावात वाहकाला 'मास्तर' म्हणतात, आणि मास्तरांचा डबा अनेक गावांत कुठल्या ना कुठल्या घरून येत असे. पहाटे तीच गाडी तालुक्याकडे निघते.

यात विशेष काय, असे वाटेल. समजा, एक गाव तालुक्यापासून चोवीस किलोमीटरवर, म्हणजे चार टप्प्यांवर आहे आणि गाडीला जायला तास लागतो. गाडी रात्री आगारात झोपली, तर पहाटे साडेसहाला निघून ती साडेसातला गावात आणि साडेआठला परत तालुक्यात पोचेल. साडेसातला भरणारे कनिष्ठ महाविद्यालय तोवर एक तास झालेले असेल, आठची पाळी सुरू झालेली असेल. तीच गाडी गावात झोपली, तर सव्वासहाला निघून सव्वासातला तालुक्यात. आगारात झोपणारी गाडी गावात जाणाऱ्या शिक्षकाच्या सोयीची असते आणि गावात झोपणारी गाडी गावातून येणाऱ्या मुलाच्या सोयीची. तेवढीच गाडी, तेवढेच डिझेल. फक्त मुक्काम बदलला की सोय कोणाची, ते बदलते. शिवाय वस्तीची गाडी असणे याचाच अर्थ संध्याकाळची परतीची गाडी असणे, कारण झोपायला तिला गावातच यावे लागते.

भारमानाचे गणित

आता ही गाडी बंद कशी होते ते पाहू. एसटीच्या कारभारात 'भारमान' हा शब्द महत्त्वाचा. गाडीच्या आसनक्षमतेपैकी किती टक्के प्रवासी मिळाले, ते भारमान. कमी भारमानाच्या, प्रति किलोमीटर कमी उत्पन्नाच्या फेऱ्या शोधायच्या आणि तोटा कमी करायला त्या आधी कापायच्या, ही सरळ व्यवहाराची रीत दिसते.

आपल्याच गावाचे उदाहरण पुढे नेऊ. आकडे कल्पित आहेत, पण कोणत्याही स्थानकावर बसून असे आकडे जमवता येतील. सकाळच्या गाडीने ४० माणसे तालुक्याला जातात. दुपारी एकच्या गाडीने २५ परततात आणि संध्याकाळी सातच्या वस्तीच्या गाडीने उरलेली १५. गाडी ४४ आसनांची धरली तर सकाळचे भारमान सुमारे ९१ टक्के, दुपारचे ५७, संध्याकाळचे ३४. कागदावर उत्तर स्पष्ट आहे: सातची फेरी तोट्यात, ती बंद करावी.

फेरी बंद होते. त्या पंधरांपैकी पाच जण कोणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून येण्याची सोय करतात. दहा जणांना परतीचा मार्ग उरत नाही; ती सकाळीही जात नाहीत. हा झाला पहिला फटका. दुसरा असा की सातची फेरी गेली म्हणजे वस्ती गेली. गाडी आता आगारातून येते आणि साडेआठला तालुक्यात पोचते. सकाळचे कॉलेज असलेली मुले फाट्यापर्यंत चालत जाऊन मिळेल ते वाहन पकडू लागतात किंवा कॉलेज सोडतात. ४० चे २० होतात. सकाळचे भारमान ४५ टक्क्यांवर येते आणि दुपारचेही घसरते. पुढच्या वर्षी कपातीची यादी निघते तेव्हा या फेऱ्याही त्या यादीत असतात.

यात कोणी दुष्ट नाही. आगार व्यवस्थापकाला गाड्या कमी आहेत, चालक कमी आहेत, वरून तोटा कमी करण्याचा तगादा आहे. चूक हिशेबाच्या एककात आहे. महामंडळ फेरी मोजते. प्रवासी मात्र जाणे आणि येणे मिळून एकच प्रवास करतो. सकाळच्या चाळीस तिकिटांतली पंधरा तिकिटे संध्याकाळच्या गाडीच्या भरवशावर काढलेली असतात, ती मांडली जातात सकाळच्या खात्यावर.

वडाप: भरली की सुटते

एसटीची जागा रिकामी राहत नाही. कोल्हापूर-सातारा-सांगलीकडे 'वडाप', मराठवाडा-विदर्भ-खानदेशात 'काळी-पिवळी', कुठे 'टमटम', कुठे 'सहा सीटर'. कमांडर, ट्रॅक्स, मॅक्स या गाड्यांची नावे खेड्यांत माणसांच्या नावांइतकी परिचित झाली ती या धंद्यामुळे. ग्रामीण महाराष्ट्राला वडापने फार मोठा आधार दिला आहे, हे मान्यच करायला हवे. एसटी जात नाही त्या वाडीत वडाप जाते. ओळखीचा ड्रायव्हर बाळंतिणीला रात्री दवाखान्यात नेतो, फाट्यावर उभ्या म्हाताऱ्या मावशीला उधारीवर बसवतो.

कायद्याच्या दृष्टीने मात्र हा धंदा बव्हंशी चुकीच्या बाजूला पडतो. १९८८ चा मोटार वाहन कायदा प्रवासी वाहतुकीचे दोन मुख्य प्रकार करतो. टप्पा वाहतुकीत वाटेत माणसे चढतात-उतरतात आणि प्रत्येक जण आपापले भाडे देतो. कंत्राटी वाहतुकीत संपूर्ण गाडी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्यासाठी ठरवलेली असते. वडापकडे परवाना असलाच तर बहुधा दुसऱ्या प्रकारचा, आणि तिचे काम पहिल्या प्रकारचे. एसटी स्थानकापासून दोनशे मीटरच्या आत खाजगी वाहनांनी प्रवासी भरू नयेत हा नियम आहे; म्हणून वडापचा थांबा स्थानकासमोर नसतो, पुढच्या चौकात असतो.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती तिची सुटण्याची रीत. वडाप भरली की सुटते, म्हणजे ती जुन्या सर्व्हिस मोटारीची वारसदार आहे. गर्दीच्या वेळी, बाजारच्या दिवशी ती पाच मिनिटांत भरते आणि एसटीच्या पुढे निघून तिचे प्रवासी उचलते. दुपारी दोनला तासभर भरत नाही. संध्याकाळी सातनंतर तर ड्रायव्हर म्हणतो, "ताई, अजून चार शिटं व्हायला पाहिजेत." चार जण येत नाहीत. मग तीन माणसांनी चार-पाच जणांचे भाडे वाटून घ्यायचे, नाहीतर थांबायचे. वडाप गर्दीच्या वेळेचे उत्पन्न घेते आणि रिकाम्या वेळेची जबाबदारी एसटीकडे ठेवते. उत्पन्न गेल्यावर ती जबाबदारी एसटीलाही पेलत नाही, आणि उशिरा परतणाऱ्या माणसाकडे ना एसटी उरते ना वडाप.

मोटारसायकल आली, मागे कोण राहिले?

गेल्या तीस वर्षांत हप्त्यांवर मिळणाऱ्या मोटारसायकलने खेड्यातला प्रवास बदलला. पण घरात एक मोटारसायकल आली म्हणजे घराची सोय झाली असे नसते; ती बहुधा कर्त्या पुरुषाची असते. बसमधून आधी उतरला तो पूर्ण तिकीट देणारा पुरुष. मागे राहिल्या बाया, विद्यार्थी, म्हातारी माणसे. आजच्या ग्रामीण एसटीत बसून पाहिले की हे डोळ्यांना दिसते.

शासनाच्या सवलतीही याच लोकांसाठी आहेत. विद्यार्थ्यांना मासिक पासात दोन-तृतीयांश सूट, ग्रामीण भागातल्या शाळकरी मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत पास, ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास, मार्च २०२३ पासून सर्व महिलांना अर्धे तिकीट. अर्ध्या तिकिटाने बायांचा प्रवास वाढला, हे कोणत्याही स्थानकावर दिसते. माहेर, दवाखाना, बाजार यांच्या वाटा त्याने मोकळ्या केल्या. पण सवलतीने तिकीट स्वस्त होते. त्याने संध्याकाळी सातची गाडी येत नाही. ज्या गावात फेरीच नाही तिथल्या मुलीच्या मोफत पासाचा उपयोग पाकिटात ठेवण्यापुरता.

एसटी नसली तर काय होते, याचा एक मोठा अनुभव महाराष्ट्राने घेतला आहे. करोनाने बंद पडलेल्या शाळा ग्रामीण भागात ४ ऑक्टोबर २०२१ पासून पाचवी ते बारावीसाठी उघडल्या. त्याच महिन्याच्या अखेरीस एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो एप्रिल २०२२ पर्यंत रेंगाळला. कर्मचाऱ्यांच्या मागण्यांमागे तुटपुंज्या आणि अनियमित पगाराचे खरे दुःख होते. पण त्या महिन्यांत गावोगाव एक गोष्ट लख्ख दिसली: शाळा उघडी, शिक्षक हजर, आणि बाहेरगावची मुले नाहीत. मुलगे कसेबसे, तिघे-तिघे एका मोटारसायकलवर येत. मुलींची हजेरी आधी तुटली.

टेम्पोतल्या बाया

आणि ज्यांचा प्रवास एसटीच्या वेळापत्रकात कधीच नव्हता, त्या मजूर बाया? त्यांच्यासाठी मुकादमाची पिकअप किंवा 'छोटा हत्ती' पहाटे वस्तीवर येतो. मालवाहू गाडीच्या हौद्यात पंधरा-वीस बाया उभ्या किंवा उकिडव्या बसून शिवाराकडे जातात. गाडीभाडे बहुधा टोळीच्या मजुरीतच धरलेले असते.

यातला धोका रस्त्यावर दिसतो तेवढाच नाही. मालवाहू गाडीतल्या माणसांच्या विम्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली आशाराणी खटल्यात असा निर्णय दिला की मालवाहू गाडीतून माणसे नेली आणि अपघात झाला, तर अशा प्रवाशांची भरपाई देण्याचे बंधन विमा कंपनीवर येत नाही. १९९४ च्या दुरुस्तीने कायद्यात सवलत ठेवली ती सोबत असलेल्या मालाच्या मालकाला किंवा त्याच्या प्रतिनिधीला. खुरपे आणि भाकरीचे गाठोडे घेऊन निघालेली बाई 'मालाची मालक' ठरत नाही. तिच्या कुटुंबाने भरपाई मागायची ती गाडीमालकाकडे, आणि त्याची ऐपत बहुतेक वेळा त्या जुन्या टेम्पोएवढीच असते. म्हणजे जनगणनेने जिचा प्रवास विचारला नाही, तिच्या प्रवासाला विम्याचेही संरक्षण नाही.

काय करता येईल?

मार्ग फार अवघड नाहीत. पहिला: फेरीचे भारमान न पाहता जोडीचे भारमान पाहावे. सकाळची जाण्याची आणि संध्याकाळची येण्याची फेरी एकत्र मोजली, तर आपल्या उदाहरणातल्या गावाचे भारमान ३४ टक्के न राहता ६२-६३ टक्के होते. दुसरा: शेवटच्या फेरीला संरक्षण द्यावे. कपात करायचीच तर मधल्या फेऱ्या कापाव्या; वस्तीची गाडी शेवटी कापावी. एक दुपारची फेरी गेली तर माणसाची गैरसोय होते. शेवटची गेली तर त्याचा दिवस जातो.

तिसऱ्या उपायाचा नमुना आपल्याकडेच आहे. मानव विकास कार्यक्रमात राज्यातल्या सव्वाशे मागास तालुक्यांत मुलींना शाळेत नेण्या-आणण्यासाठी निळ्या गाड्या दिल्या गेल्या. शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मुलींना सायकली. या गाड्यांचे वेळापत्रक आगाराच्या सोयीने न करता शाळेच्या घंटेवरून मागे मोजत करायचे, हे त्यातले मोलाचे तत्त्व. तेच तत्त्व कॉलेजच्या प्रात्यक्षिकांना, औद्योगिक वसाहतीच्या पाळीला, तालुक्याच्या दवाखान्याच्या वेळेला लावता येईल.

चौथा उपाय वडापविषयी. तिला सतत पळवून लावण्यापेक्षा टप्पा वाहतुकीचा रीतसर परवाना द्यावा, पण अटीसह: सकाळच्या गर्दीतल्या फेऱ्या हव्या असतील तर रात्रीची एक ठराविक वेळेची फेरी, भरो वा न भरो, सोडावी लागेल. त्या फेरीचा तोटा शासनाने उघडपणे भरावा. भरलेल्या गाडीने रिकामी गाडी सांभाळायची हे १९४८ चे तत्त्व लहान गाड्यांनाही लागू करता येते.

माझ्या वर्गातल्या एका मुलीची गोष्ट सांगून थांबतो. दहावीला उत्तम गुण मिळवून ती प्रवेशाला आली आणि कला शाखेचा अर्ज भरू लागली. विज्ञान का नको, असे मी विचारले. ती म्हणाली, "सर, सायन्सची प्रॅक्टिकलं पाचपर्यंत चालतात. आमची गाडी दीडला." तिच्या गावाची वस्तीची गाडी त्या आधीच बंद झाली होती. ती चांगली शिकली, पुढे शिक्षिका झाली, सुखात आहे. पण अर्ज भरताना तिने आपली आवड पाहिली नव्हती, गुण पाहिले नव्हते. स्थानकावरच्या फलकावरची शेवटची वेळ पाहिली होती. कुठल्याशा वर्षी सातच्या फेरीचे भारमान कमी भरले म्हणून त्या फलकावरून एक ओळ पुसली गेली होती. ती पुसताना कोणीही या मुलीचा हिशेब मांडला नव्हता, कारण ती तेव्हा पाचवीत होती आणि सातच्या गाडीने प्रवास करण्याचे तिचे वय अजून व्हायचे होते.